उपाशी आतडे

आमच्या दादाच्या आतड्याला पीळ पडला, त्याला आता काही वर्षे लोटली. रातोरात जिल्ह्याच्या गावी नेऊन पोट उघडावे लागले आणि आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढून टाकावा लागला. चौथ्या दिवशी ताप चढला, पोट फुगले आणि ते दुसऱ्यांदा उघडावे लागले. मग डॉक्टरांनी सांगून टाकले की, आता पुष्कळ दिवस तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. गळ्याखालच्या मोठ्या शिरेत एक बारीक नळी बसवली गेली आणि खाटेशेजारच्या दांडीवर दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची एक मोठी पिशवी टांगली गेली. दादाची न्याहारी तीच, दुपारचे जेवण तेच आणि रात्रीचेही तेच.

आई खाटेच्या पायथ्याशी बसून त्या पिशवीकडे पाहत राही. तिचा सारा जन्म चुलीपुढे आणि वाढण्यात गेलेला. तिसऱ्या दिवशी सर्जन फेरीवर आले, तेव्हा तिने विचारले, “डॉक्टर, रक्तात सगळं चाललंय ते समजलं. पण त्याच्या पोटाचं काय? ते आत काय करत असेल?”

मी पडलो शाळामास्तर. चार लोकांत आईने असले काही विचारावे याची मला अंमळ लाज वाटली. पण सर्जन हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “आजी, हा प्रश्न आम्हां डॉक्टर लोकांना पडायला फार वर्षं लागली.”

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. माझा एक जुना विद्यार्थी आज डॉक्टर आहे. त्याच्याकडून पुस्तके आणि निबंध आणवून, अडेल तेथे त्याला विचारून, मी या शिरेतल्या जेवणाचा इतिहास वाचून काढला. आईचा प्रश्न त्या इतिहासात कुठे सापडतो, हेच मला शोधायचे होते. तो सापडला, पण फार उशिरा. शिवाय त्याचे उत्तर हाती आल्यासारखे वाटले आणि पुन्हा निसटले. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

रक्त शरीरात फिरते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ साली ग्रंथ लिहून सिद्ध केले. रक्त फिरते म्हटल्यावर, त्यात काही सोडले तर तेही अंगभर फिरेल, हा विचार फार दूर नव्हता. १६५६ साली ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर रेन याने हंसाच्या पिसाची पोकळ काडी घेतली, तिला जनावराचे मूत्राशय पिशवीसारखे बांधले आणि एका कुत्र्याच्या शिरेत मद्य आणि अफू सोडली. पुढे लंडनचे सेंट पॉलचे भव्य मंदिर उभारणारा रेन तो हाच. कुत्रा झिंगला आणि पुढे बरा झाला. आज रुग्णालयातल्या प्रत्येक खाटेशी जी पिशवी आणि नळी लोंबते, तिचा हा मूळपुरुष.

माणसाचा जीव या मार्गाने वाचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न घडला तो पटकीच्या साथीत. १८३१-३२ साली ही साथ इंग्लंड-स्कॉटलंडात पोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून सांगितले की, त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले आहेत. ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटाने १८३२ साली एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत क्षाराचे पाणी सोडले. बसलेले डोळे वर आले, बंद पडलेली नाडी लागली, बाई बोलू लागली. पुढे जुलाब पुन्हा सुरू झाले, लॅटा जवळ नव्हता, आणि ती गेली. पण मार्ग दिसला होता. हा ओशॉनेसी लौकरच कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा पसरणारा अधिकारी म्हणून आपल्या इतिहासात राहिला. सलाईनच्या बाटलीशीही त्याचे नाते आहे, हे आपण सहसा शाळेत सांगत नाही.

पण पाणी आणि मीठ म्हणजे काही अन्न नव्हे. मग अन्न शिरेतून द्यावे कसे? कॅनडातल्या टोरोंटोच्या एडवर्ड हॉडर या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटकीच्या रोग्यांच्या शिरेत गाईचे ताजे, कोमट, गाळलेले दूध सोडले! त्यांतले काही वाचले, हे त्यांच्या दैवाचे बळ म्हणायचे. दुधातले प्रथिन रक्ताला परके असते. पोट त्याचे तुकडे तुकडे करून, त्याचे मूळ रूप पार पुसून मगच त्याला आत येऊ देते. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. आतडे ती माळ तोडते आणि मणी रक्तात सोडते. त्या मण्यांना अमायनो आम्ले म्हणतात. तात्पर्य, शिरेतून जेवण द्यायचे तर आतड्याचे काम आधी बाहेर, बाटलीत करून घ्यायला हवे. ते बऱ्यापैकी साधायला विसावे शतक निम्मे सरले. अमेरिकेतल्या सेंट लुईच्या रॉबर्ट एलमन यांनी १९३० नंतरच्या दशकात तोडलेल्या प्रथिनाचे मणी माणसाच्या शिरेत सुखरूप सोडून दाखवले.

येथे एका शब्दाचा जन्म होतो, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाची गाठ त्या शब्दातच आहे. इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोज नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. अन्नातली कोणती अमायनो आम्ले वगळली तर चालते आणि कोणती वगळली तर शरीर खंगते, हे त्यांनी आधी उंदरांवर पाहिले. त्या शोधात १९३५ साली त्यांना थ्रिओनिन हे नवे आम्ल सापडले. पुढे त्यांनी आपल्या तरुण विद्यार्थ्यांना पिष्ट, साखर, तूप-तेल, जीवनसत्त्वे आणि मोजूनमापून केलेले आम्लांचे मिश्रण असा नीरस आहार दिला आणि एकेक आम्ल काढून पाहिले. शरीरात जाणारे आणि बाहेर पडणारे नत्र तोलून त्यांनी यादी केली. प्रौढ माणसाला आठ आम्ले ‘आवश्यक’ ठरली. पुढे त्यांत हिस्टिडिनची भर पडून ती नऊ झाली. उरलेली शरीर स्वतःच बनवते, ती ‘अनावश्यक’.

रोज यांचे काम निर्दोष होते. अनावश्यक म्हणजे ‘अन्नातून मिळालेच पाहिजे असे नाही’, एवढाच त्यांचा अर्थ. पण शब्दांना पाय फुटतात. वर्गात एखाद्या मुलाला एकदा ‘साधारण’ म्हटले की पुढची कित्येक वर्षे शिक्षक त्याच्याकडे पाहीनासे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. शिवाय रोज यांची परीक्षा धडधाकट तरुणांवर घेतलेली होती. तिचा निकाल पोट फाडलेल्या, भाजलेल्या, तापाने फणफणलेल्या माणसाला लागू पडेल काय, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

या अनावश्यकांच्या यादीत ग्लूटामिन होते. १८८३ साली शुल्त्से आणि बोसहार्ड या दोघांनी ते बीटाच्या रसातून वेगळे काढले होते. त्याचा दोष एकच. ते पाण्यात कमी विरघळते, आणि बाटली निर्जंतुक करायला तापवावी किंवा बरेच दिवस ठेवावी तर ते फुटून त्यातून अमोनिया निघतो. म्हणजे एकीकडून रसायनशास्त्र म्हणते, हे बाटलीत टिकत नाही. दुसरीकडून आहारशास्त्र म्हणते, याची गरज नाही. दोघांचे एकमत झाले आणि ग्लूटामिन बाटलीबाहेर राहिले. टिकत नाही म्हणून वगळले आणि लागत नाही म्हणून वगळले, यांतला फरक हळूहळू पुसला गेला.

तरी शिरेतल्या जेवणाची गाडी पुढे गेली, आणि ज्या माणसांनी ती ओढली त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. फिलाडेल्फियातले स्टॅन्ली डुड्रिक हे पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात वाढलेले. शस्त्रक्रिया उत्तम होते, टाके चोख बसतात, तरीही रोगी दगावतो, हे उमेदवारीच्या दिवसांतच त्यांनी पाहिले. त्यांचे गुरू जोनाथन र्‍होड्स यांना कारण ठाऊक होते: हे रोगी आजाराने नव्हे, उपासमारीने मरत होते. हाताच्या बारीक शिरेतून पोटभर अन्न देणे अशक्य. घट्ट साखरेने त्या शिरा जळतात, आणि पातळ करून द्यावे तर माणूस पाण्यातच बुडेल. १९५२ साली ओबानियाक या फ्रेंच सर्जनने गळ्याच्या हाडाखालून मोठ्या शिरेत सुई घालण्याची रीत सांगितली होती. तेथे रक्ताचा ओघ एवढा मोठा की कितीही घट्ट द्रव क्षणात पातळ होतो. डुड्रिक, विल्मोर, व्हार्स आणि र्‍होड्स यांनी बीगल जातीची पिल्ले निव्वळ शिरेतून पोसली. काहींना तर आठ महिन्यांहून अधिक काळ. आणि तोंडाने खाणाऱ्या भावंडांच्या बरोबरीने ती वाढली.

१९६७ साली फिलाडेल्फियात एक मुलगी जन्मली. तिचे लहान आतडे जवळजवळ बनलेलेच नव्हते. दुधाचा घोट पचणे अशक्य. तिच्या मानेतून नळी घालून विल्मोर आणि डुड्रिक यांनी तिला शिरेतून जेवण सुरू केले. सुकून गेलेले ते मूल अंग धरू लागले, उंच होऊ लागले, डोक्याचा घेर वाढू लागला. ते सुमारे २२ महिने जगले. १९६८ साली ही हकीकत छापून आली तेव्हा जगभरच्या सर्जनांना कळले की, तोंडात घास न जाता माणूस नुसता तगतच नाही, वाढतोही. त्याच दशकात स्वीडनच्या आर्विड व्रेट्लिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्यातल्या स्निग्ध द्रव्याच्या साहाय्याने पाण्यात मिसळून शिरेत सोडण्याजोगे केले. दादाच्या पिशवीचा पांढरा रंग त्या तेलाचा. पुढे टोरोंटोत खुर्शीद जीजीभॉय या भारतात वैद्यकी शिकलेल्या पारशी डॉक्टरांनी १९७० साली आतडे गमावलेल्या एका तरुण आईला घरी राहून रोज रात्री शिरेतून जेवण घेण्यास शिकवले. ती बाई त्यावर वीस वर्षे जगली. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता आईचा प्रश्न. या सगळ्या काळात आतडे आत काय करीत होते?

१९७४ साली या प्रश्नाची दोन उत्तरे दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांतून आली. लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे दोन गट केले. दोघांना तोच द्रव, तेवढाच. फरक इतकाच की, एका गटाला तो तोंडाने आणि दुसऱ्याला शिरेतून. एका आठवड्यात शिरेतून पोसलेल्या उंदरांचे आतडे झडले. वजन उतरले, अस्तर पातळ झाले, साखर पचवणारे रस घटले. बाकीचे शरीर खाऊनपिऊन होते. आतडे तेवढे उपाशी होते.

असे का व्हावे? लहान आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर असंख्य बारीक अंकुर असतात. हे सारे पसरले तर जवळजवळ अर्ध्या बॅडमिंटनच्या मैदानाएवढे भरेल, असा अलीकडचा हिशेब आहे. आणि एवढे अवाढव्य अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी जुने टाकून नवे केले जाते. शरीरात इतकी सततची बांधणी क्वचितच कुठे चालते. तिला माल लागतो, आणि तो माल अर्धाअधिक पुढून, म्हणजे समोरून जाणाऱ्या अन्नातूनच उचलला जातो. वाढणाऱ्या बाईने वाढता वाढता एक घास तोंडात टाकावा, तसे. शिवाय अन्न आले की आतड्यात वाढीचे संदेश देणारे रस सुटतात. त्यांपैकी एकाची, जीएलपी-२ ची, आतडे वाढवण्याची शक्ती टोरोंटोच्या डॅनियल ड्रकर यांनी १९९६ साली दाखवली. पंगतच उठली म्हणजे घासही नाही आणि हाकही नाही.

दुसरे उत्तर अमेरिकेतल्या विंडम्युलर आणि स्पेथ यांचे. आतड्यात शिरणारे आणि आतड्यातून निघणारे रक्त तोलून ते पाहत होते. आतडे रक्तातून सर्वांत अधिक काय ओढून घेते? साखर नव्हे, ग्लूटामिन! एका फेरीत रक्तातले सुमारे पाव ग्लूटामिन आतडे ठेवून घेई आणि त्याचा बराचसा भाग सरपणासारखा जाळी. बाटलीबाहेर ठेवलेले ते ‘अनावश्यक’ द्रव्य आतड्याच्या चुलीतले मुख्य लाकूड होते.

मग शिरेतून पोसलेल्या रोग्याला ते कोठून मिळे? त्याच्याच स्नायूंतून. स्नायू हे ग्लूटामिनचे कोठार आहे. १९७५ साली स्टॉकहोमच्या विनार्स, बेरिस्ट्रम आणि फ्यूर्स्ट यांनी दाखवले की, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्नायूंतला हा साठा जवळजवळ निम्म्यावर येतो. आजाऱ्याचे दंड आणि मांड्या भराभर सुकतात ते आपण पाहतो. त्या सुकण्यातला काही भाग असा आत पोचवला जातो. शरीर घरचे कोठार फोडून आतड्याची चूल पेटती ठेवते. कोठार संपले की मात्र चूल विझू लागते.

आणि आतड्याची चूल विझणे हे केवळ आतड्यापुरते राहात नाही. ते अस्तर म्हणजे गावकूस आहे. त्याच्या अलीकडे रक्त, पलीकडे कोट्यवधी जंतू. मध्ये पेशींचा एकच पदर, आणि पेशीपेशींमध्ये घट्ट सांधे. सांधे सैल झाले तर जंतू आणि त्यांची विषे आत येतील. बर्ग आणि गार्लिंग्टन यांनी १९७९ साली उंदरांत जंतूंचे हे स्थलांतर दाखवले. १९८८ साली शिकागोच्या आल्वर्डी यांनी शिरेतून पोसलेल्या उंदरांत ते अधिक होते असे दाखवले. फिलाडेल्फियाच्या त्या मुलीला शिरेतून वाढवणारे डग्लस विल्मोर आता बॉस्टनला होते. त्यांनी त्याच वर्षी निबंध लिहून बजावले की, शस्त्रक्रियेच्या ताणात आतडे हे एक मध्यवर्ती इंद्रिय आहे. ज्याने आतड्यावाचून जगण्याची वाट पाडली, तोच मागे वळून आतड्याची चौकशी करू लागला. मला या माणसाचे मोठेपण येथे दिसते.

आता बाटलीत ग्लूटामिन घालण्याची खटपट सुरू झाली. ते तापवता येत नाही; मग न तापवता, बारीक गाळणीतून गाळून ताजे द्यावे, अशी एक वाट. दुसरी अधिक चतुर. पीटर फ्यूर्स्ट आणि पीटर श्टेले यांनी जर्मनीत ग्लूटामिनच्या मण्याला अॅलानिनचा दुसरा मणी जोडला. ही जोडी पाण्यात खुशाल विरघळते, तापवली तरी टिकते, आणि रक्तात गेल्यावर सुटी होते. १९८९ साली त्यांनी ती शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना देऊन नत्राची तूट घटल्याचे दाखवले. १९९२ साली विल्मोर यांच्या गटाने अस्थिमज्जा बदललेल्या ४५ रोग्यांची हकीकत छापली. ग्लूटामिन मिळालेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते सरासरी ३६ ऐवजी २९ दिवसांत घरी गेले. १९९३ साली हॉलंडमधल्या मास्ट्रिक्टचे व्हान डर हुल्स्ट यांनी २० रोगी घेतले. दोन प्रकारच्या साखरा पाजून, त्या आतड्यातून किती झिरपून लघवीत उतरतात, हे त्यांनी मोजले. साध्या बाटलीवर ठेवलेल्यांचे अस्तर सुमारे दोन आठवड्यांत अधिक झिरपू लागले, अंकुर खुजे झाले. ग्लूटामिनवाल्यांचे जसेच्या तसे राहिले. ‘अनावश्यक’ या पाटीवर आता ‘प्रसंगी आवश्यक’ अशी दुरुस्ती झाली. १९९७ साली इंग्लंडमधून ग्रिफिथ्स यांचा निबंध आला. अतिदक्षता विभागातले ८४ रोगी, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सहा महिन्यांनी ग्लूटामिनच्या ४२ पैकी २४ जिवंत होते, साध्या बाटलीच्या ४२ पैकी १४.

मी कादंबरी लिहीत असतो तर येथेच थांबलो असतो. उपेक्षित पात्राला न्याय मिळाला, पडदा पडला. पण इतिहास कादंबरीकाराचे ऐकत नाही.

ज्याच्या अभावाने अपाय होतो ते भरभरून दिले तर उपाय होईल, असे सर्वांनाच वाटू लागले. मग कॅनडाच्या डॅरेन हेलँड यांनी कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या ४० अतिदक्षता विभागांत मिळून मोठी परीक्षा योजली. एकाहून अधिक इंद्रिये निकामी झालेले, कृत्रिम श्वासावर असलेले १,२२३ रोगी. त्यांतल्या निम्म्यांना शिरेतून आणि पोटातूनही मोठ्या मात्रेने ग्लूटामिन दिले. २०१३ साली निकाल छापून आला. २८ दिवसांत ग्लूटामिन मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ३२ दगावले. न मिळालेल्यांपैकी शेकडा २७. सहा महिन्यांनी हा फरक अधिकच स्पष्ट झाला. ज्या थोड्यांचे रक्त आधी तपासले होते, त्यांतल्या बहुतेकांत ग्लूटामिन मुळात कमी नव्हतेच. कित्येकांची मूत्रपिंडे थकलेली होती, आणि नत्राने भरलेले ते द्रव्य त्यांच्यावर ओझे झाले असावे, असा एक तर्क आहे. २०२२ साली भाजलेल्या सुमारे १,२०० रोग्यांना पोटातून ग्लूटामिन देऊन पाहिले; तेथे अपाय नाही, पण फायदाही दिसला नाही. आज युरोपातल्या आहारवैद्यकाच्या नियमांत असे स्पष्ट लिहिलेले आहे की, अस्थिर प्रकृतीच्या, विशेषतः यकृत वा मूत्रपिंड बिघडलेल्या, अतिदक्षतेतल्या रोग्याला शिरेतून ग्लूटामिन देऊ नये.

कोणी म्हणेल, मग एवढी धडपड फुकट गेली. मला तसे वाटत नाही. पहिली चूक निरोगी माणसाचा नियम आजाऱ्याला लावण्याची. दुसरी चूक एका आजाऱ्याचा नियम सगळ्या आजाऱ्यांना लावण्याची. दोन्ही चुका एकाच घराण्यातल्या. आणि दोन्ही वेळा आपण आतड्याला जे विचारले, ते बाटलीत मावेल अशा भाषेत विचारले. काय घालू? हे घालू? आणखी घालू? लेव्हिनच्या उंदरांनी १९७४ सालीच सांगितले होते की, तोच द्रव तोंडाने दिला तर आतडे टिकते. बाटलीत कोणते द्रव्य नाही, यापेक्षा आतड्यातून काहीच जात नाही, ही गोष्ट मोठी होती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, शिरेतल्या जेवणाला पुढे पुढे जितके दोषी धरले गेले तितके ते दोषी नव्हते. माणसाचे आतडे उंदराच्या आतड्याइतके लौकर झडत नाही. पूर्वी रोग्यांना साखर फार घातली जाई, तिचाही जंतुसंसर्गात वाटा होता. २०१४ साली इंग्लंडमध्ये २,४०० रोग्यांवर शिरेचा आणि पोटाचा मार्ग तोलून पाहिला, तेव्हा मरणाच्या प्रमाणात फरक पडला नाही. ज्याचे आतडे खरोखरच चालत नाही त्याला ही पिशवी म्हणजे प्राण आहे. पण आतडे थोडे जरी चालत असेल, तरी त्याला काहीतरी द्यावे, हा आज जगभरचा व्यवहार आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेतून पोसतानाही आईच्या दुधाचे थोडे थेंब पोटात सोडतात. त्या थेंबांनी बाळाचे पोट भरत नाही. ते थेंब आतड्यासाठी असतात.

शिरेची ही कथा पटकीपासून सुरू झाली होती, आणि पटकीनेच तिला आपल्याकडे एक वेगळे वळण दिले. १९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांत बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे पाणी संपत आले. डॉ. दिलीप महलनबीस यांनी साखर आणि क्षार मोजून पाण्यात मिसळले आणि ते नातेवाइकांच्या हाताने रोग्यांना तोंडाने पाजले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चारांच्या आत आले. आजारी आतडेही साखरेबरोबर मीठ आणि पाणी ओढून घेते, हे शास्त्र तोवर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते. छावणीत त्याने माणसे जगवली. लॅटाने १८३२ साली जे शिरेतून दिले, तेच १३९ वर्षांनी पुन्हा तोंडाच्या वाटेने गेले. फुटपट्टी वेगळी, आजार वेगळा. पण आतडे आजारी असले तरी त्याला कामावरून काढून टाकू नये, हा धडा एकच.

दादाचे पुढे सांगितले पाहिजे. अकराव्या दिवशी सर्जनांनी पोटाला कान लावावा तशी नळी लावून बराच वेळ ऐकले आणि आईकडे वळून म्हणाले, “आजी, आता त्याच्या पोटाला थोडं काम देऊ या. दर दोन तासांनी दोन चमचे. अधिक नाही.” पिशवी टांगलेलीच होती, ती आणखी आठवडाभर तशीच राहिली. आईने दवाखान्यासमोरच्या खाणावळीत जाऊन, त्या लोकांना बाजूला सारून, स्वतः तांदळाची पेज केली. वरची निवळ गाळून घेतली, तीत मिठाचा एक कण टाकला, आणि वाटी पदराखाली झाकून आणली.

दादाने पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरून ठेवला. मग गिळला. आम्ही दोघेही त्याच्या गळ्याकडे पाहत होतो.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंस? नावं ठेवायला लागला.” आणि दुसरा चमचा भरला.